विद्यापीठ निवडताना माग विसरू नये

सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर चढण्यापूर्वी आलेख-कागदावर चौकटी-चौकटींनी भरावी लागते. ही विद्या पदवीपर्यंत नेऊ इच्छिणाऱ्या विणकर-कन्येपुढे दोन वाटा आहेत : मुंबईचे १८५७ साली स्थापन झालेले व २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठात समाविष्ट झालेले सर ज. जी. कला महाविद्यालय, आणि अहमदाबादची १९६१ मधील राष्ट्रीय डिझाइन संस्था. वस्त्रकल्पाचे शिक्षण दोन्हीकडे मिळते. केवळ लौकिकावर निवड होऊ नये. मागावरील प्रत्यक्ष काम, वसतिगृहासह एकूण खर्च, शिष्यवृत्ती आणि प्रवेश परीक्षेचे स्वरूप यांची माहिती शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांसमवेत वेळीच घ्यावी. जुन्याच नक्षीवर माग फार काळ चालत नाही. नवी नक्षी घडविणारे हात सोलापूरला हवे आहेत.