सोन्याचा काटा आणि भुट्ट्याचा कीस
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणराय ही बुद्धीची देवता. तिच्यापुढे यंदा कृत्रिम बुद्धीविषयी बोला, असे मंडळाने सांगितले. आम्ही सरकारी खात्यातले डिप्लोमावाले, तेव्हा जमेल तसे सोपे करून सांगतो.

आपला सराफा आठवा. दिवसा तिथे सोने मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. रात्री तिथेच भुट्ट्याचा कीस अंदाजाने द्रोणात पडतो आणि कुणी तक्रार करत नाही. किसाला सोन्याचा काटा लावला, तर रांग राजवाड्यापर्यंत जाईल. संगणकाच्या जगातही सध्या हाच विचार चालला आहे.

चार अंकी दोन संख्या हाताने गुणायच्या तर सोळा छोटे गुणाकार होतात. दोन अंकी असतील तर चारच. अंक निम्मे, मेहनत पाव! चिपचेही तसेच. प्रा. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या आकड्यांप्रमाणे ३२ बिटांच्या पूर्णांकांच्या एका गुणाकाराला ३.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते, तर ८ बिटांच्या गुणाकाराला ०.२. एआय असे अब्जावधी गुणाकार करते. वीज वाचवणे म्हणजे काय, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. जलूदहून नर्मदेचे पाणी चढवण्याचा खर्च कमी व्हावा म्हणून आपल्या महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढून तिथे सौर प्रकल्प हाती घेतला.

पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३वा आला. पूर्ण अचूकतेने त्याची कागदोपत्री क्षमता ५.२६७ पेटाफ्लॉप्स, एआयला पुरेल इतक्या कमी अचूकतेने २१०. यंत्र तेच, क्षमता जवळपास चाळीसपट.

मग चूक होत नाही का? इथे आमचीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एक नाली चाळीस तुकड्यांत मोजली. प्रत्येक तुकड्याचे दहा सेंटिमीटरच्या आतले माप सोडून दिले. वाटले, एवढ्याने काय होते! बेरीज दोन मीटरने कमी भरली. मजुरी मीटरवर होती. संध्याकाळी मुकादम आला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या एका माणसाची दिहाडी गेली." आम्ही खाली मान घालून पुन्हा टेप धरली. वरिष्ठ एवढेच बोलले, "तुकडा ठोकळ चालेल, पण कात्री नेहमी एकाच बाजूला चालवू नका, आणि बेरीज पक्की ठेवा."

गंमत म्हणजे एआयच्या चिपा हेच करतात. गुणाकार १६ बिटांत, पण बेरीज ३२ बिटांत. लहान चुका दोन्ही बाजूंना झाल्या, तर बऱ्याचशा आपसांत फिटतात.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. फोटो ओळखणे, पत्राचा मसुदा करणे, भाषांतर करणे, ही किसाची कामे. तिथे ठोकळ हिशोबाने वीज वाचवावी. पण पेन्शनचा आकडा, जमिनीचे क्षेत्र, औषधाची मात्रा, मजुराची दिहाडी ही सोन्याची कामे. तिथे काटा सोन्याचाच हवा आणि काट्यापाशी माणूसही हवा. कुठे कोणता काटा लावायचा, एवढी बुद्धी गणरायाने आपल्याला द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!