दुखतंय, हे सांगण्याचा हक्क

मी आधी वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स होते. आता हॉस्पिसमध्ये आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाची अखेरपर्यंत काळजी घेतात, ती ही जागा. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं.

दोन्हीकडचं काम वरवर सारखंच. कूस बदलणं, पाठ पुसणं, भरवणं. फरक आहे तो प्रश्नांत. तिथे विचारायचे, ‘जेवलात का? गोळी घेतली का?’ इथे आधी विचारते, ‘दुखतंय का? कुठे? किती?’

बायका याचं खरं उत्तर चटकन देत नाहीत. ‘बरं आहे’ म्हणतात. जन्मभर त्यांच्या सोसण्याचंच कौतुक झालेलं असतं. मुलगा उशाशी असला की कण्हणंही थांबतं. म्हणून मी घरच्यांना चहाला पाठवते आणि मग विचारते. आवळलेली मूठ, वळताना रोखलेला श्वास, हेही वाचावं लागतं. लोक याला ‘बाईची माया’ म्हणतात. मैत्रिणींनो, हे शिकून आलेलं कौशल्य आहे. त्याचं मोल पगारात दिसलं पाहिजे.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. दुखणं उसळायची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध द्यायचं, हा त्यांचा आग्रह. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन म्हणूनच दर चार तासांनी देतात, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. ‘सवय लागेल’ म्हणून घरचे घाबरतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन मिळवायला अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरेसा झाला. कागदावर वाट मोकळी झाली. पण आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन मिळतं का, हे विचारायला कोण जातं?

आपण बाळंतपणाच्या सोयींसाठी मोर्चे काढले. मरणाच्या वेळची वेदना मात्र घरातल्या सुनेच्या हाती सोपवून मोकळ्या झालो. तिच्याकडे ना औषध, ना रजा, ना झोप. आरोग्याच्या मागण्यांच्या यादीत हेही लिहू या. आणि घरी गेल्यावर आजारी आईला, सासूला एकटं गाठून विचारू या, ‘खरं सांग, दुखतंय का?’