सार्डिनियाचे निवांत किनारे



आजच्या विषयाची जाहिरात वाचून पुष्कळांना वाटले असेल की, चळवळीतली ही मंडळी समुद्रावर हवा खायला कधीपासून जाऊ लागली? प्रश्न रास्त आहे. कामगारांच्या एका बैठकीसाठी आम्ही तिघे सहकारी इटलीस गेलो होतो आणि परतीच्या विमानाला नऊ दिवस अवकाश होता, एवढेच त्याचे उत्तर. शिवाय, भरपगारी रजेचा हक्क दुसऱ्यांना मिळवून देण्यात ज्याने जन्म घालवला, त्याने ती स्वतः कधी घेऊच नये असा काही नियम नाही.

रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून रात्री सुटलेली बोट सकाळी सार्डिनियाच्या ओल्बिया बंदराला लागते. भूमध्य समुद्रात सिसिलीच्या खालोखाल हे मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर, आणि किनारा सगळे कंगोरे मोजले तर अठराशे किलोमीटरांच्याही वर. पण गंमत अशी की, एवढा किनारा लाभलेले हे लोक शतकानुशतके समुद्राकडे पाठ करून डोंगरात राहिले. त्याला कारणे दोन. एक, समुद्रावरून येणारे चाचे. जो समुद्रावरून येतो तो लुटायलाच येतो, अशा अर्थाची म्हण तिथे अजून आहे. दुसरे, हिवताप. किनाऱ्यालगतच्या दलदलींत मलेरियाच्या डासांचे राज्य होते. तिथे असे सांगतात की, बाप वाटण्या करताना डोंगरातली चांगली कुरणे मुलांना देई आणि किनाऱ्याची खारट, निरुपयोगी जमीन मुलींच्या गळ्यात मारी. १९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने बेटभर डी.डी.टी. फवारले गेले, मलेरिया हटला आणि थोड्याच वर्षांत किनाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुलींच्या नशिबाने बापाच्या हिशेबावर केलेली ही मात आम्हांला फार आवडली.

१९६२ साली ईशान्य किनाऱ्यावर ‘कोस्टा स्मेराल्दा’, म्हणजे पाचूचा किनारा, या नावाने श्रीमंतांची वसाहत उभारण्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्वर्यू चौथे आगाखान. नाव आपल्या ओळखीचे आहे. पुण्याचा जो आगाखान पॅलेस, जिथे गांधीजी स्थानबद्ध होते आणि जिथे १९४४ साली कस्तुरबांनी देह ठेवला, तो १९६९ साली भारतीय जनतेला अर्पण करणारे गृहस्थ हेच. एका हाताने वाडा जनतेला दिला आणि दुसऱ्या हाताने समुद्रकाठ धनिकांसाठी सजवला, असे आमच्यातला एक जण म्हणाला. आम्ही त्याला गप्प केले, पण वाक्य लक्षात राहिले.

इटलीच्या कायद्याप्रमाणे पुळण सरकारच्या, म्हणजे सर्वांच्या मालकीची. ठेकेदाराला छत्र्या-खुर्च्या मांडण्याचा परवाना मिळतो. परंतु पाण्यापर्यंत जाण्याची वाट त्याने मोकळी ठेवली पाहिजे, असे २००६ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. कायदा चांगला आहे. पण एकदा छत्र्यांची रांग लागली की गरीब माणूस दोन छत्र्यांच्या मधून चोरासारखा जातो, हे कोणत्या कायद्यात लिहायचे? निवांत किनारा शोधायची गरज मुळात इथून उत्पन्न होते. अजून पुष्कळ किनारा बांधकामावाचून राहिला आहे, त्याचे मोठे श्रेय रेनातो सोरू यांना द्यावे लागेल. ते प्रांताचे अध्यक्ष असताना २००४ साली किनाऱ्यापासून दोन किलोमीटरांच्या आत नव्या बांधकामांना लगाम घातला गेला आणि २००६ साली त्याची पक्की योजना झाली. २००९ ची निवडणूक ते हरले.

निवांतपणाचे भाव कसे चढतात, ते पूर्व किनाऱ्यावर पाहिले. बाउनेई गावाच्या वरच्या गोल्गो पठारावरून गोलोरित्झे नावाच्या पुळणीकडे पायवाट उतरते. उतरताना सुख, चढताना हाडे बोलतात. खाली पांढरे गोटे, काचेसारखे पाणी आणि डोक्यावर १४३ मीटर उंचीचा चुनखडीचा सुळका. ही पुळण १९६२ साली दरड कोसळून तयार झाली. आता तिथे दिवसाला अडीचशे माणसांनाच प्रवेश असतो, आधी नाव नोंदवावे लागते, तिकीटही आहे. २०२५ साली एका जागतिक यादीत ती पहिली आली. एकान्ताला पहिला क्रमांक मिळाला की एकान्त संपतो. तरी मर्यादा घातली हे योग्यच. उत्तरेकडच्या बुदेल्ली बेटावरची गुलाबी पुळण तर, लोक मुठी-मुठीने वाळू नेऊ लागले म्हणून, १९९० नंतरच्या दशकात माणसांना बंदच करावी लागली. वाळू नेली तर आता ५०० ते ३,००० युरो दंड आहे.

या वाटा कोणी पाडल्या, असे आम्ही विचारीत गेलो. धनगरांनी, शेळ्यांसाठी. कड्यावर चढण्याच्या जागी त्यांनी जुनिपरचे ओंडके टेकवून शिड्या केल्या. आणि कोळसेवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकात ही जंगले कोळशासाठी तोडली गेली. तस्कनीहून मजूर येत, महिनोन्‌महिने रानात राहून भट्ट्या लावीत, आपल्याकडचे कातकरी लावीत तशाच. कोळसा खाली किनाऱ्यावर गलबतांत भरला जाई. आज ज्या कोपऱ्याला लोक ‘अस्पर्शित’ म्हणतात, तो अशा शेकडो मजुरांच्या पाठीवरून गेलेला आहे.

नैऋत्य किनाऱ्यावर तर हे दगडात कोरलेले दिसते. इग्लेसियासच्या आसपास शिसे आणि जस्ताच्या खाणी होत्या. पूर्वी खनिज टोपल्यांत भरून हमाल डोक्या-खांद्यांवरून गलबतांत नेत. १९२४ साली मासुआजवळ कड्याच्या पोटातून बोगदे काढून पोर्तो फ्लाव्हिया बांधले गेले, तेव्हा कड्याच्या भोकातून खनिज थेट जहाजात पडू लागले आणि त्या हमालांचे काम गेले. समुद्रावर उघडणारे ते दार पाहून प्रवासी वाहवा करतात. आम्हीही केली. पण हमालांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हांस सुचला, तो आमच्या धंद्याचा दोष समजा.

तिथून उत्तरेस बुज्जेरू. आज लोकवस्ती हजाराच्या आसपास. १९०४ साली इथे पॅरिसच्या एका कंपनीची खाण होती. सप्टेंबरच्या आरंभी व्यवस्थापनाने हुकूम काढला की, उन्हाळ्यातली दुपारची लांब विश्रांती एका तासाने कमी केली आहे. कामगारांनी काम थांबवले. ४ सप्टेंबरला त्यांचे प्रतिनिधी कचेरीत बोलणी करीत होते, बाहेर जमाव होता. बोलावून आणलेल्या सैनिकांच्या मुक्कामासाठी सुतारखाना रिकामा करण्याचे काम काही कामगारांनाच सांगितले होते. ते थांबवा म्हणून बाहेरच्यांनी ओरडा केला, दगड पडले आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तीन जण मेले. या आणि त्याच महिन्यात सिसिलीत झालेल्या दुसऱ्या गोळीबाराच्या निषेधार्थ १६ सप्टेंबरपासून इटलीभर काम बंद पडले. त्या देशातला तो पहिला सार्वत्रिक संप.

मंडळी, मागणी काय होती? पगारवाढ नव्हे, भर उन्हात एक तास सावलीत पडण्याची. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, तीही असल्याच मागणीतून. आपण ज्याला सहज ‘सुट्टी’ म्हणतो, तिचा एकेक तास असा सुटा सुटा मिळवलेला आहे.

बुज्जेरूच्या दक्षिणेला काला दोमेस्तिका नावाची खाडी आहे. पुळणीवर खाणीच्या कोठारांच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. खडकातून खाणकामगारांनी खोदलेल्या एका छोट्या बोगद्यातून गेले की पलीकडे आणखी एक इवलीशी पुळण लागते. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोन कुटुंबे होती. आयांनी डबे उघडले होते, पोरे पाण्यात होती, आणि एक बाप टोपी तोंडावर घेऊन भर दुपारी गाढ झोपला होता. आम्हीही आडवे झालो. नऊ दिवसांतली ती सर्वांत चांगली झोप.

ज्यांना जाणे जमेल त्यांनी जून किंवा सप्टेंबर धरावा. ऑगस्टात सारी इटली किनाऱ्यावर असते. पाणी बरोबर न्यावे. वायव्येचा जोराचा वारा सुटला की पश्चिम किनारा सोडून पूर्वेला जावे. काठावर तपकिरी पाल्याचे ढीग दिसले तर नाक मुरडू नये. ते समुद्रगवत आहे आणि तेच वाळू धरून ठेवते. पिसिनासला वाळूच्या डोंगरांपाशी खाणीचे रूळ आणि वाघिणी अजून गंजत पडल्या आहेत, त्या अवश्य पाहाव्या. पण तिथे समुद्राला मिळणारा ओढा तांबडा आहे. १९९१ साली मोन्तेवेक्कियोची खाण बंद झाली, उपशाचे पंप थांबले, बोगदे पाण्याने भरले आणि जस्त-शिसे विरघळलेले ते पाणी बाहेर वाहू लागले, ते अजून वाहते आहे. पोहायचे तर त्याच्या मुखापासून दूर जावे, आणि मुलांना त्या ओढ्यात उतरू देऊ नये.