थेंबाथेंबानं जाणारं पोटॅशियम

आज आम्ही हृदयाचा आजार असलेल्या लहान मुलांना शिरेतून देतात त्या पोटॅशियमबद्दल बोलणार आहोत. हे मोठ्या दवाखान्यातलं काम आहे, कुरखेड्यात त्याचं काय, असं म्हणू नका. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला डॉक्टरांची गाडी येते ना, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. या तपासणीत एखाद्या बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळतं आणि त्याची माय वडसा, ब्रह्मपुरी करत नागपूर गाठते.

ऑपरेशन होतं, बाळ अतिदक्षता विभागात असतं. सिस्टर सांगतात, पोटॅशियम कमी झालंय, चढवतो आहोत. मायला दिसते यंत्रात अडकवलेली एक सिरिंज, तीही हललेली दिसत नाही. मग जीव वर-खाली होतो: एवढं गरजेचं आहे तर भरभर का देत नाहीत?

पोटॅशियम म्हणजे एक क्षारच. केळ्यात, बटाट्यात, डाळीत असतो. हृदयाचा ठोका नीट पडायला तो लागतो, पण रक्तात अगदी मापात. लिटरमागे साधारण साडेतीन ते पाच, एवढंच ते माप. हृदयाच्या मुलांना अंगातलं पाणी उतरवायला लघवीचं औषध देतात. लघवीवाटे पाण्यासोबत पोटॅशियमही जातं. उलट्या-जुलाब झाले तर आणखी जातं. कमी झालं की बाळ मलूल पडतं, पोट फुगतं, ठोके चुकायला लागतात. डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं औषध चालू असेल तर हा धोका जास्त.

पण जास्त झालं तर? हृदयाचं ऑपरेशन करताना हृदय थांबवावं लागतं ना, ते थांबवायला डॉक्टर जे औषधी पाणी वापरतात, त्यात मुख्य काम पोटॅशियमच करतं. आता समजा, तेच एकदम शिरेत ढकललं तर काय होईल! म्हणून पोटॅशियमची कुपी कधीच थेट शिरेत देत नाहीत. पाण्यात पातळ करतात, यंत्रानं मोजून देतात आणि सोबत ठोक्यांचा पडदा सतत चालू ठेवतात. आपल्याकडे मिळणाऱ्या दहा मिलीच्या कुपीत साधारण वीस माप पोटॅशियम असतं. दहा किलोच्या बाळाला तासाला पाचाच्या वर सहसा देत नाहीत. म्हणजे कुपीभर औषधाला चार तास. फारच निकड असेल तर थोडं वाढवतात, तेही पडद्यावर डोळा ठेवून. औषध जास्त घट्ट असेल तर हाताची बारीक शीर जळते, सुजते. म्हणून मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत नळी घालतात.

रक्त पुन्हा पुन्हा काढतात याचा फार राग येतो, आम्हाला माहीत आहे. पण आकडा पाहिल्याशिवाय पुढचा डोस कसा ठरवणार? शिवाय बाळाचं बोट दाबून दाबून रक्त काढलं तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, मग परत घ्यावं लागतं. कधी मॅग्नेशियमही कमी असतं. ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. बाळाचं पोट चालू असेल तर डॉक्टर तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं पोटॅशियम देतात. काम होतं आणि धोकाही कमी. "सलाईन बंद केली, आता लक्ष देत नाहीत" असं तेव्हा वाटून घेऊ नका. सलाईन म्हणजेच खरा इलाज, हे आपल्याकडे फार रुजलंय.

घरी आल्यावर लघवीचं औषध चालू असेल आणि बाळाला जुलाब लागले, तर गावातल्या कुणाकडून बाटली चढवून घेऊ नका. आशाताईला बोलवा, दवाखान्यात चला आणि औषधांची चिठ्ठी सोबत न्या. अंगावरचं दूध चालू ठेवा. जलसंजीवनीच्या पुडीत पोटॅशियम असतंच, पण हृदयाच्या बाळाला ती किती पाजायची हे डॉक्टरांना विचारा. शहाळ्याचं पाणी आपल्या मनानं पाजू नका. हृदयाची काही औषधं, जसं स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल, अंगात पोटॅशियम साठवून ठेवतात, त्यात वरून भर नको. लघवी कमी झाली असेल तर तेही आठवणीनं सांगा, कारण जास्तीचं पोटॅशियम त्याच वाटेनं बाहेर जातं.

आणि यंत्र वाजलं तर आपण बटण दाबू नये, नळीची चकती फिरवू नये. सिस्टरला हाक मारावी. दहादा मारावी लागली तरी मारावी.