'ना?'ला इंग्रजीत काय म्हणावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आले. म्हणजे माझे शाळेतले इंग्रजी तीन वर्षांचे. पुढचे सारे मंडळाच्या बुधवारच्या वर्गातले. तरी आज बोलायला उभी राहिले, त्याला कारण घडले.

गेल्या वर्षी ह्यांचे हर्नियाचे ऑपरेशन होते. ह्यांनी रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. सकाळी केरळकडच्या नर्सबाईंनी विचारले, "ही हॅजन्ट ईटन एनिथिंग, हॅज ही?" म्हणजे, यांनी काही खाल्ले नाही ना? मी मोठ्या ऐटीत म्हटले, "येस!" माझ्या मनात, 'होय, नाही खाल्ले.' त्यांनी लिहून घेतले, 'खाल्ले आहे.' घोटाळा उमगेपर्यंत आमचा नंबर दुसऱ्याला गेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले आणि ह्यांना पुन्हा उपास घडला. नर्सबाईंची काही चूक नव्हती.

मराठीत आपण समोरच्याच्या म्हणण्याला 'होय' म्हणतो. इंग्रजीत तसे नाही. गोष्ट घडली असेल तर 'येस', नसेल तर 'नो'. मग प्रश्न कसाही विचारलेला असो. "नो, ही हॅजन्ट" एवढे म्हटले असते तर काम भागले असते.

आपल्याकडे सगळ्या वाक्यांना एकच 'ना' चालतो. शेजारच्या गुजराती बहिणींचा 'ने', हिंदीतला 'है ना' तसाच. म्हणून आपण जिथे तिथे 'इजन्ट इट' चिकटवतो. इंग्रजीत मात्र वाक्य पाहून शेपूट लावायचे. वाक्य होकाराचे तर शेपूट नकाराचे: "शी इज ॲट होम, इजन्ट शी?" वाक्य नकाराचे तर शेपूट होकाराचे: "यू कान्ट कम, कॅन यू?" वाक्यात इज, कॅन, हॅज असे काही नसले तर डू, डज, डिड मदतीला घ्यावे: "यू लाइक टी, डोन्ट यू?" "आय ॲम लेट"चे शेपूट "आरन्ट आय?" आणि "लेट्स गो"चे "शॅल वी?" ही दोन सरळ पाठ करावी. खरेच विचारायचे असेल तर शेवटी सूर चढवावा. नुसता दुजोरा हवा असेल तर उतरवावा.

वर्गात आम्ही हे भेंड्यांसारखे खेळतो. एकीने वाक्य टाकायचे, दुसरीने शेपूट लावायचे, तिसरीने खरे उत्तर द्यायचे. खरी कसोटी तिसरीची! घरी भाजी निवडताना मुलांबरोबरही हा खेळ होतो. चुकले तर हसावे आणि पुन्हा म्हणावे.

एवढेच सांगते, दवाखान्यात, बँकेत, शाळेत नुसत्या 'येस'वर थांबू नका, उत्तर पुरे द्या. आणि पुढच्या बुधवारी, "यू विल कम, वोन्ट यू?"

म्हणा पाहू सगळ्याजणी, "येस, वी विल!"