समुद्रावर उडणारी विमाने आणि आपली मुले



आपल्या कोल्हापूर भागात 'पोरगं मिल्ट्रीत गेलं' असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायदळातला जवान उभा राहतो. यात नवल काही नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच 'सैनिक' हा शब्द कायमचा बसला आहे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावचे केंद्र आपल्याला शेजारच्या गावासारखे वाटते. पण नौदल म्हटले की आपला माणूस जरा थबकतो. आणि नौदलाची स्वतःची विमाने असतात, त्यांचे स्वतःचे वैमानिक असतात, असे सांगितले तर त्याला ते खरेच वाटत नाही. एका पालकसभेत एक गृहस्थ मला सरळ म्हणाले, "सर, बोटीवाल्यांना विमानं कशाला?"

प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरून दिसणारा समुद्र क्षितिजापाशी संपतो. जहाजाच्या रडारलाही क्षितिजापलीकडचे दुसरे जहाज सहसा दिसत नाही. पाण्याखालची पाणबुडी तर दिसतच नाही. गुऱ्हाळाच्या माचावर चढलेल्या पोराला जसे चार मळ्यांपलीकडचे दिसते, तसे विमानाला दिसते. म्हणून नौदलाला विमान हवे.

मी इतिहासाचा प्राध्यापक. तेव्हा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवणार नाही. १९५३ साली सीलँड नावाची, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी विमाने कोचीला आली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी 'गरुड' हा नौदलाचा पहिला हवाई तळ तेथे सुरू झाला. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. तिच्यावर सी हॉक आणि अलीझे ही विमाने होती. १९७१ च्या युद्धात, ४ डिसेंबरला, तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. ती विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. तिचेच नाव घेतलेली, आपल्या देशात बांधलेली नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाचा नवा ध्वज फडकला. त्यावरचा अष्टकोन शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. पुढच्याच वर्षी नौदल दिन सिंधुदुर्गला साजरा झाला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण घाट उतरून मालवणला गेले असतील. त्या गर्दीतल्या किती मुलांच्या मनात आले असेल, की आपणही तिकडे जावे! आजचे भाषण त्या मुलांसाठी आणि त्यांच्या गुरुजींसाठी आहे.

आता नौदलाकडे विमाने कोणती, ते पाहू. त्यांचे मोटामोटी चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार लढाऊ विमानांचा. आज हे काम मिग-२९के हे विमान करते. 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत' या दोन नौकांवरून ते उडते, आणि जमिनीवरचे त्याचे घर म्हणजे गोव्याचा 'हंसा' हा तळ. त्याच्या जोडीला फ्रान्सकडून राफेल जातीची २६ विमाने घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. दुसरा प्रकार लांब पल्ल्याच्या टेहळणीचा. पी-८आय हे मोठे विमान बोइंग ७३७ या प्रवासी विमानाच्या बांधणीवर केलेले आहे. नौदलाकडे अशी बारा विमाने आली. तमिळनाडूतील अरक्कोणम आणि आपला गोवा ही त्यांची ठाणी. डॉर्निअर हे लहान, दोन पंख्यांचे विमान किनाऱ्याजवळची पाहणी करते. तिसरा प्रकार हेलिकॉप्टरांचा. चेतक, ध्रुव, सी किंग, कामोव्ह, आणि मार्च २०२४ मध्ये ज्यांची पहिली तुकडी कोचीला उभी राहिली ती नवी सीहॉक हेलिकॉप्टरे. पाणबुडी शोधणे, बुडणाऱ्याला दोराने वर ओढणे, जहाजावर माणसे आणि सामान पोहोचवणे, ही त्यांची कामे. चौथा प्रकार मानवरहित विमानांचा. ती चालवणारा माणूस किनाऱ्यावर बसलेला असतो.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की वैमानिक म्हटले की मुलाच्या डोळ्यांपुढे फक्त लढाऊ विमान असते. तिकडे थोडेच जातात. बाकीचे डॉर्निअरवर, पी-८आयवर, हेलिकॉप्टरवर जातात, आणि त्यांचे काम काही दुय्यम नव्हे. वादळात मासेमारी नौका उलटली, तर वर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टरच त्या खलाशाचा देव असते.

लढाऊ विमान जहाजावर कसे उतरते, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. आपल्या उजळाईवाडीची धावपट्टी किलोमीटरच्या हिशेबात मोजावी लागते. नवी विक्रांत सगळी मिळून २६२ मीटर लांब, आणि तिचाही एक भागच उतरण्यासाठी. बरे, ती जागेवर उभी नसते. ती पुढे जाते, डोलते, वरखाली होते. तिच्या डेकवर पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांपैकी एका दोरात अडकला पाहिजे. आता गंमत पाहा. गाडी थांबवायची तर आपण वेग कमी करतो, पण हा वैमानिक डेकला चाके लागताक्षणी इंजिनाचा जोर पूर्ण वाढवतो. का? आकडा दोरात अडकलाच नाही, तर पुढे समुद्र आहे. त्याच जोरावर त्याला पुन्हा आकाशात निघून जाता आले पाहिजे. हंसा तळावर जमिनीवरच जहाजाच्या डेकसारखी धावपट्टी बांधलेली आहे. तिथे सराव झाल्याखेरीज कोणालाही जहाजावर उतरू देत नाहीत. वस्तादाने नव्या पोराला आधी तालमीच्या मातीत घोळवावा आणि मगच खासबागेत उतरवावा, तसेच हे.

आता वाटा. तीन वाटा ध्यानात ठेवा.

पहिली वाट बारावीनंतरची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एन.डी.ए.ची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६००. त्यानंतरच्या मुलाखतीला ९००. प्रबोधिनीतून नौदलाचा अधिकारी झालेला तरुण आधी समुद्रावर काम शिकतो आणि मग इच्छा व पात्रता असेल तर वैमानिकीकडे वळतो. २०२२ पासून मुलींनाही इथे प्रवेश आहे, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

दुसरी वाट अभियांत्रिकीच्या पदवीनंतरची. वैमानिक म्हणूनच थेट निवड व्हायची असेल, तर अल्पमुदतीच्या कमिशनच्या जाहिराती निघतात. ही नोकरी दहा वर्षांची, पुढे चार वर्षे वाढू शकते. याच वाटेने निरीक्षक अधिकारीही घेतात. विमानात वैमानिकाशेजारी वा मागे बसून रडार, पाणबुडीचा शोध आणि शस्त्रे सांभाळणारा तो माणूस. वय आणि गुणांच्या अटी प्रत्येक जाहिरातीत स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

तिसरी वाट नौसैनिकाची. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षे, आणि त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम घेतात. हे आकडे पालकांनी नीट समजून घ्यावेत. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असलेली मुले ओरिसातल्या चिल्का येथे प्रशिक्षण घेतात, आणि त्यांतली काही विमानांच्या देखभालीकडे जातात. एस.टी. ड्रायव्हरमुळे चालते हे खरे, पण डेपोतल्या मेकॅनिकने रात्री बोल्ट आवळला नसता तर ड्रायव्हर काय करणार होता?

या वाटांवर तीन ठिकाणी मुले अडखळतात. तिन्ही ठिकाणे आधीच ठाऊक असली तर पुष्कळ दुःख वाचते.

पहिले ठिकाण डोळे. रंगांधळ्या माणसाला वैमानिक होता येत नाही, आणि त्याला स्वतःला ते बहुधा ठाऊकच नसते. ठिपक्यांच्या पुस्तकावरची ही तपासणी पाच मिनिटांची. कोल्हापुरात सीपीआरला किंवा कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ती आठवीतच करून घ्यावी. चार वर्षे धावून, पोहून, पाठांतर करून शेवटी वैद्यकीय मंडळापुढे हे कळण्यापेक्षा ते बरे.

दुसरे ठिकाण वैमानिकाच्या योग्यतेची संगणकावरची चाचणी. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला सैन्यात अधिकारी होता येते, पण वैमानिक नाही. म्हणून तिला जागरणाने वा तापाने डोके जड झालेले असताना बसू नये.

तिसरे ठिकाण गणित. इथे मला माझीच चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी भुदरगड तालुक्यातली एक मुलगी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी माझ्याकडे आली होती. हुशार, जरा अबोल. म्हणाली, "सर, गणित घेऊ का जीवशास्त्र?" मी तिचे दहावीचे गुण पाहिले, गणितात थोडे कमी होते. मी म्हणालो, "जीवशास्त्र घे, गणित सोड. टक्केवारी चांगली राहील." तिला पुढे काय व्हायचे आहे, हे मी विचारलेच नाही. बारावी झाल्यावर ती पुन्हा आली. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, प्रबोधिनीत दाखल झालेल्या मुलींचे. "सर, नौदलात विमान चालवायला काय करावं लागतं?" मी नियम काढून पाहिले. प्रबोधिनीच्या नौदल विभागाला गणित हवे, अभियांत्रिकीलाही गणित हवे. दोन्ही दारांची किल्ली एकच, आणि ती मीच तिच्या हातून काढून घेतली होती. गणित घेऊन पुन्हा परीक्षेला बसण्याइतकी सवड तिच्या घरी नव्हती. ती काही बोलली नाही. कात्रणाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली. आज ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, भेटली की नमस्कार करते. तो विषय ती काढत नाही, मीच काढतो.

गुरुजनहो, म्हणून आपल्याला हात जोडून विनंती, की विषय निवडून देण्याआधी मुलाला एवढे एकच विचारा, "तुला काय व्हायचं आहे?" आणि मुलगी असेल, तर दोनदा विचारा. कारण ती पहिल्यांदा सांगणार नाही. २ डिसेंबर २०१९ रोजी कोचीला सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली. ती डॉर्निअर चालवते, हे तिला सांगा. जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पूनिया लढाऊ विमानांच्या शाखेसाठी निवडली गेलेली पहिली महिला ठरली, हेही सांगा.

आईबापांना धोक्याविषयीही खरे सांगितले पाहिजे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी एक मिग-२९के अरबी समुद्रात कोसळले. एक वैमानिक वाचला, दुसरा गेला. हे काम जिवावरचे आहे, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण ते आंधळे धाडसही नव्हे. पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडायचे, याचाही सराव कोचीला करून घेतात. पंचगंगेच्या डोहात आणि मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना पाण्याची भीती तरी कमी असते. गावाकडच्या मुलाची ही शिदोरी आहे. तिला कमी लेखू नका.

तयारीसाठी घर विकून शिकवण्या लावण्याची गरज नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, देशातली पहिली. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतच चौकशी करा. दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे. आणि 'हमखास निवड' असे फलकावर लिहिणाऱ्याकडे पैसे भरण्याआधी एवढे आठवा, की निवडीची हमी निवड मंडळाखेरीज कोणी देऊ शकत नाही.

शेवटी एक सुचवतो. यंदाची सहल गोव्याला नेणार असाल, तर देवळे आणि किनारे जरूर दाखवा, पण दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, तिथे तासभर थांबा. जुन्या विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे जातीची विमाने तिथे उघड्यावर उभी आहेत. मुलांना जवळून पाहू द्या. मग एखादे पोर मागे रेंगाळेल, बाकीचे बसमध्ये चढले तरी ते तिथेच उभे राहील. त्याच्यावर ओरडू नका, गुरुजी. त्याच्याजवळ जा, आणि त्याचे गणित कसे आहे ते विचारा.