बाळाच्या स्नानसंस्काराची तयारी



वसईकडच्या एखाद्या कॅथलिक घरात बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा ठरला, की शेजारची मंडळी म्हणतात, "यांच्याकडे बारसं आहे." आम्हीही पुष्कळदा 'हो, बारसंच' म्हणून मोकळे होतो, समजावत कोण बसणार? बाळ आहे, नवे कपडे आहेत, जेवणावळ आहे. पाहुण्याला आणखी काय हवे? पण ज्यांच्या घरी हा संस्कार व्हायचा त्यांना तरी फरक ठाऊक असावा. मला स्वतःला तो चाळिशी उलटल्यावर कळला, म्हणून आज बोलायचे धाडस करतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. घरात तयारी सुरू झाली. मांडव कोणाकडून आणायचा, बँड सांगायचा की नाही, मैद्याचे फुगे घरी तळायचे की बाहेरून मागवायचे, आठ दिवस दुसरा विषय नाही. धर्मपिता मी व्हायचे हे आईने परस्पर ठरवून टाकले. "थोरला काका आहे, प्रोफेसर आहे, शोभून दिसेल," एवढीच तिची कसोटी. धर्ममातेच्या निवडीवरून तर दोन घरांत अबोला धरायची पाळी आली.

अशात फादरांचा निरोप आला. दोन दिवस संध्याकाळी आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी यावे. बाळाला नाही आणले तरी चालेल. आई म्हणाली, "आता हे काय नवीन? बाळावाचून बाळाची तयारी कसली?"

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. तिचा स्वतःचा स्नानसंस्कार झाला तो जुन्या रीतीने. जन्मानंतर होईल तितक्या लवकर बाळाला चर्चला न्यायचे. बाळंतीण बहुधा घरीच खाटेवर असायची. बाळ असायचे धर्ममातेच्या हातात. संस्काराचे शब्द लॅटिनमध्ये. श्रद्धेचे प्रश्न विचारले जात ते बाळाला, आणि बाळाच्या वतीने उत्तरे देत धर्ममातापिता. म्हणजे ज्या आईने नऊ महिने पोटात वाढवले तिचा त्या प्रश्नोत्तरांशी संबंधच नाही! पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि १९६९ साली खास अर्भकांसाठी म्हणून वेगळा विधी प्रथमच तयार झाला. त्यात प्रश्न थेट मोठ्यांना आहेत. तुम्ही बाळासाठी काय मागता? त्याला श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्हाला समजते का? तुम्ही स्वतः पापाचा त्याग करता का? उत्तर आईबापांनी आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत द्यायचे. बाळ त्या वेळी झोपलेले असले तरी बिघडत नाही.

पहिल्या संध्याकाळी फादरांनी हेच सांगितले. धर्मपिता किंवा धर्ममाता सामान्यपणे सोळा वर्षांची तरी हवी, तिचा दृढीकरण संस्कार झालेला हवा, बाळाच्या आईबापांपैकी कोणी ती नसावी. हे नियम मला माहीत होते. मग ते सहज माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, याआधी कोणाचे धर्मपिता झाला आहात का?"

"हो. एका मित्राच्या मुलाचा. चौदा वर्षं झाली."

"तो आता कितवीत आहे?"

मला सांगता आले नाही. आठवी असेल, नववी असेल. फादर काही बोलले नाहीत. पुढच्या मुद्द्याकडे वळले, पण माझे लक्ष तिथेच राहिले. नाताळात एकदोनदा खाऊ पाठवला होता. त्यापलीकडे त्या मुलाचे आणि माझे नाते एका फोटोपुरते होते. फोटोत मी कोट घातला आहे.

मी मराठी शिकवतो. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण दरवर्षी वर्गात येते. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते का रचले हे मी विद्यार्थ्यांना रंगवून सांगतो: नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या मस्तकावर पाणी पडले होते, पण ती कथा त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओठांवर रुळेल अशी नव्हती, ती उणीव या परदेशी माणसाने भरून काढली. एवढे सांगणारा मी! माझ्या धर्मपुत्राला मी एक ओवी वाचून दाखवली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी नावाचा प्रश्न निघाला. नाव संताचेच हवे असे बंधन आता नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढेच. भावाने मराठी नाव सुचवले, आईने आपल्या आईचे. दोन्ही ठेवली. इथे शिक्षक श्रोत्यांना एक सांगतो. चर्चच्या नोंदवहीत बाळाचे, आईबापांचे, धर्ममातापित्यांचे नाव आणि तारीख लिहितात. पुढे दृढीकरण आणि लग्न यांची नोंदही त्याच ठिकाणी होते. जन्माची सरकारी नोंद वेगळी, ती एकवीस दिवसांच्या आत करायची. शाळेचा दाखला तिसरा. या तिन्हींत माझे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आहे, आणि नोकरीच्या वेळी मी कोण आहे हे सिद्ध करायला मला दोन महिने लागले. तेव्हा बाळाचे नाव आधी कागदावर लिहून काढा आणि सगळीकडे तेच न्या.

फादरांनी एक गोष्ट आणखी सांगितली, ती दूरच्या पाड्यांवर राहणाऱ्यांच्या कामाची. बाळाच्या जिवाला धोका असेल तर फादरांची वाट पाहायची नाही. घरातले कोणीही, दाई किंवा नर्स, ती ख्रिस्ती नसली तरी, चर्चला अभिप्रेत असलेल्या हेतूने डोक्यावर पाणी ओतून 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो' असे म्हणू शकते. तो संस्कार खरा. बाळ वाचले तर पाणी पुन्हा ओतत नाहीत. राहिलेला विधी चर्चमध्ये पुरा करतात.

मग रविवार उजाडला. चर्चच्या दारातच फादरांनी नाव विचारले, बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि आम्हालाही करायला सांगितली. भावजयीचा अंगठा थरथरत होता. पुढे छातीला तेल, तीनदा पाणी, टाळूला सुवासिक तेल, पांढरे वस्त्र. पाणी पडताच मुलगी अशी किंचाळली की मागच्या बाकांवर हसू फुटले. शेवटी ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून माझ्या हातात दिली. ती तेवत ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर सोपवली आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे बघा." मी मेणबत्तीकडेच बघत राहिलो. वारा होता.

जेवणे झाली, मांडव उतरला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी त्या मित्राच्या घरी गेलो. मुलगा क्रिकेट खेळायला गेला होता. मी थांबलो. तासाभराने बॅट घेऊन आला, मला बघून दारातच थबकला, आणि आईला हळूच विचारू लागला, "हे कोण?"

तो नववीत आहे.